नंबराची घागर

चाकूरची भजी तिखट होती. धर्माबादच्या मिरचीबाजारात शिंकून शिंकून अविनाशचा जीव मेटाकुटीला आला. लातूर नुकताच नवा जिल्हा झाला होता. पाट्या रंगल्या, नळ कोरडेच राहिले.

शिरूर अनंतपाळच्या स्टँडवर, एकटाच गावं बघत हिंडणाऱ्या त्याला चारची शेवटची गाडी धरायची होती.

"पाव्हणं, तेवढा माझा नंबर धरा, आलेच बघा," म्हणत गावातल्या चांगुणाबाईनं शेजारच्या पाण्याच्या टँकरच्या रांगेत घागर टेकवली आणि ती गेली.

पुढं सात घागरी होत्या. त्यातल्या चार भरून गेल्या. त्यानं पुन्हा मोजल्या, तर पुढं सातच.

"अहो, माझी गाडी जाईल!"

मागची बाई हसली. "दाजी, रोजचंच हाय तुमचं."

त्यानं घागरीवर कोरलेलं नाव वाचलं: सौ. चांगुणा अविनाश.

चांगुणाबाईचा नवरा बहात्तरच्या दुष्काळात गाव बघायला आला होता, चारच्या गाडीनं परत जायचं म्हणून.