ओटीतले नारळ

ओटीचा नारळ गोडातच घालायचा, तिखटाला वापरायचा नाही, हा सासूबाईंचा दंडक. गावाहून आल्या की त्या माझी ओटी भरत आणि म्हणत, "पुढच्या खेपेला पाळणा हलू दे." नारळाच्या वड्या खाऊन खाऊन माझं पोट सुटलं, तेव्हा शेजारणीने विचारलं, "गोड बातमी का?" त्या दिवसापासून मी नारळ फोडणं बंद केलं.

माठाशेजारच्या ओलसर फळीवर आता पाच नारळ बसलेत. क्रोशाची टोपरी घालून, काजळाची तीट लावून. एकाला ह्यांचा जुना चष्मा चढवलाय. तो अगदी ह्यांच्यासारखाच गप्प बसतो.

परवा सासूबाई आल्या. फळी बघून भडकल्या. एकाचं टोपरं ओढून काढलं आणि तशाच थांबल्या. शेंडीतून हिरवा कोंब वर आला होता.

"कोंब फुटला गं," म्हणत त्यांनी नारळ छातीशी धरला. त्यांचे डोळे भरून आले. माझेही. आता पाठीवरून हात फिरवतील, असं वाटलं.

"हा तुझ्या धाकट्या जावेला नेते. तिला सातवा लागलाय, शुभ असतं. टोपरंही दे, तिकडे उपयोगी पडेल."

हे बाजूलाच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

मी टोपरं घडी घालून दिलं. जेवताना सगळ्यांच्या ताटात खोबऱ्याची झणझणीत चटणी वाढली. सासूबाईंना ठसका लागला.

"नारळ कुठला फोडलास?"

"चष्मेवाला," मी म्हणाले.