रबराचा पीळ
गाडीच्या चाकामागच्या सांध्यात लेकाने बसवलेला रबरी बुश दोन महिन्यांत फाटला आणि त्याने भर गॅरेजात बायकोवर खापर फोडलं. "हिला खड्डे दिसत नाहीत! उद्यापासून गाडी बंद," म्हणत चावी हिसकावली. त्या गाडीशिवाय सुनेची नोकरी टिकणार नव्हती. नवऱ्यामागे गॅरेज चालवणाऱ्या सासूबाईंनी फाटका बुश उचलला. रबराला पिळलेल्या फडक्यासारखा पीळ बसला होता. "खड्ड्याने असा पीळ बसतो होय रे, शहाण्या? चाकं हवेत लोंबकळत असतानाच बोल्ट आवळलास ना? गाडी खाली टेकताच रबर पिळलं, फाटलं. आणि आळ हिच्यावर?" "घाई होती, आई," लेक पुटपुटला. "तोंड टाकायलाही घाईच!" नवा बुश बसला, चाकं जमिनीवर टेकली. सासूबाईंनी लेकाकडून चावी घेऊन सुनेला आधी ती दिली, मग पान्हा. "आवळ तू. आणि तू रे, गाडीत जाऊन बस. वजन म्हणून तरी उपयोगी पड."