पुरवणी जबाब

"मिटवायचं म्हणलं तर मिटत न्हाई का, मॅडम?" चनमल्लप्पांनी तिसऱ्यांदा विचारलं.

फौजदार नागव्वांनी पेन खाली ठेवलं. समोरच्या खुर्चीत साठीचा हा माणूस अंग चोरून बसला होता. कपाळावर विभूती, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. शेजारी त्यांची लेक शिवगंगा. नवरा वारल्यापासून दोन वर्षं ती राजेश्वर गावात बापाच्याच घरी होती. गळ्याभोवती पदर घट्ट लपेटून ती टेबलाच्या कडेकडे बघत बसली होती.

बारा दिवसांपूर्वी तिच्या सख्ख्या भावानं, श्रीशैलनं, तिचा गळा दाबला होता. शेतातला हक्क सोडल्याच्या कागदावर ती सही करत नव्हती, एवढंच कारण. श्रीशैल आता बीदरच्या जेलात होता.

"चापट मारली असती, बुक्की मारली असती, तर गोष्ट वेगळी होती अप्पा," नागव्वा म्हणाल्या. "साध्या मारहाणीत तुमच्या लेकीनं कोर्टात जाऊन माफ केलं म्हणलं की मिटतंय. पण ह्यो गळा हाय."

"हातच तर लावला पोरानं. रक्ताचा थेंब तरी पडला का कुठं?"

"तितंच लोक फसतेत. हिच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं, वाचा गेली होती. डॉक्टरनं तसं लिहून दिलंय. श्वास कोंडून गळा दाबला म्हणजे खुनाचा प्रयत्न, नव्या कायद्याचं एकशे नऊ कलम. शाबीत झालं तर दहा वर्षं, जखम झाली असंल तर जन्मठेपबी. त्यात तडजोड न्हाई. मी मिटवू शकत न्हाई, तुम्ही न्हाई, ही म्हणली तरी न्हाई."

चनमल्लप्पांनी डोळ्यांना उपरणं लावलं. "एका अंगाला लेक, एका अंगाला ल्योक. म्या कुणीकडं बघावं, सांगा."

अठरा वर्षांच्या नोकरीत नागव्वांनी पुष्कळ बाप पाहिले होते. अंगावर वळ घेऊन आलेल्या लेकीला ठाण्याच्या पायरीवरूनच माघारी नेणारे. हा माणूस तसा नव्हता. 'पोराला मीच ओढून बाजूला काढला, न्हाईतर लेक गेली होती,' असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. हुमनाबादच्या दवाखान्यात पाच दिवस तो लेकीच्या खाटेपासून हलला नाही. नर्स कंटाळली, पण चमच्यानं दूध पाजायचं काम त्यानं कुणाला करू दिलं नाही. सुटी मिळाली त्या दिवशी नागव्वांनी स्वतः शिवगंगेला त्याच्या हवाली केलं होतं.

"जपा बरं, अप्पा," त्या म्हणाल्या होत्या.

"डोळ्यासमोरनं हलू देत न्हाई, मॅडम."

चार्जशीटमध्ये पहिला साक्षीदार म्हणून त्यांनी चनमल्लप्पांचंच नाव धरलं होतं.

"आता हिचा पुरवणी जबाब घ्यावा लागंल," नागव्वा म्हणाल्या. "दवाखान्यात हिला बोलताच येत नव्हतं. श्रीशैलनं दाबला का म्हणलं, तर मान हलवली, तेवढंच हाय कागदावर."

"त्यात नवीन काय असंल? म्या सांगितलंय की समदं."

"तुमचं तुम्ही सांगितलं. हिचं हिनंच सांगावं लागतंय. हिच्या आधार कार्डाची झेरॉक्स आणलाव का?"

"न्हाई जी."

"समोर दुकान हाय. काढून आणा."

"चल गं शिवा."

"तिला कामून उन्हात नेताव? बसू द्या."

चनमल्लप्पा क्षणभर घुटमळले. मग त्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाले. दारातून त्यांनी दोनदा मागं वळून बघितलं. एवढी माया प्रत्येकीच्या बापाला असती तर, नागव्वांच्या मनात आलं.

शिवगंगेनं मान वर केली. तिचा आवाज खरवडल्यासारखा येत होता, एकेक शब्द ओढून काढावा तसा.

"मॅडम, गळा दाबणाऱ्याला एकशे नऊ म्हणलाव."

"व्हय."

"आन् हात धरणाऱ्याला?"

नागव्वांचा हात कागदावरच थांबला. "कुणाचे हात?"

"माझे. मागून. हलता येऊ नये म्हणून."

बारा दिवसांच्या तपासात हे कुठंच आलं नव्हतं. घरात त्या दुपारी आणखी एक माणूस होतं, श्रीशैलची बायको मल्लेश्वरी. चौकशीला गेल्यावर ती पदराआड तोंड लपवून नुसती रडली होती, एक शब्द बोलली नव्हती. तेव्हाच खोदून विचारायला पाहिजे होतं.

"त्यालाबी तेच कलम," त्या सावकाश म्हणाल्या. "दोघांचा बेत एक असंल तर दोघं सारखेच गुन्हेगार. धरणाऱ्याला सूट न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

"मग आणखी एक नाव लिहा."

नागव्वांनी कोरा कागद पुढं ओढला. तारीख टाकली. बाहेर पायऱ्यांवर वहाणा वाजल्या. शिवगंगेनं तो आवाज ओळखला आणि ती टेबलावर पुढं झुकली.

"मल्लेश्वरी लिहू?" नागव्वांनी विचारलं.

"न्हाई. वहिनीनंच खिडकीतनं वरडून गल्ली गोळा केली, म्हणून वाचले." तिनं दुखऱ्या गळ्यावर हात धरला आणि ती घाईनं म्हणाली, "लिहा, चनमल्लप्पा. नातं, बाप."