भारोभार गूळ

डॉक्टरांनी कमलबाईला जळगावहून दुसऱ्यांदा परत पाठवलं. आधी वजन कमी करा, रोज चाला, मगच गुडघा बदलू. "चालता आलं असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?" असं सुनावून ती गावी परतली. गुडघा बदलल्यावर गणपतीला भारोभार गूळ वाहायचा तिचा नवस होता. आता ऑपरेशनच अडलं, म्हणून देवाला कशाला ताटकळत ठेवायचं? देवळासमोर ती तराजूच्या एका पारड्यात बसली. दुसऱ्यात तिचा मुलगा भूषण गुळाच्या भेल्या रचू लागला. भेल्या वाढत गेल्या, तशी बायकांत खसखस पिकली. ओशाळून भूषणने गुळाचं पारडं हळूच हाताने दाबलं. कमलबाई अलगद वर उचलली गेली. तिने खाली पाहिलं. "हात काढ." "माय, लोक हसताहेत." "हसू दे. कमी कमलबाई डॉक्टरले लागस, देवले नही. मी जेवढी शे, तेवढी तोल!"