जाऊन-येऊन

शोरूमच्या कोपऱ्यातली गेल्या वर्षीच्या मॉडेलची इलेक्ट्रिक गाडी म्हणजे सेल्समनच्या गळ्यातली धोंड झाली होती. रोज पुसायची आणि रोज तिथेच ठेवायची. त्यामुळे काकूंनी तिच्याभोवती नुसती एक फेरी मारली, तशी त्याने भरघोस सूट सांगून टाकली. काकूंनी घासाघीस करून ती आणखी वाढवून घेतली, वर सीटकव्हरं फुकटात पदरात पाडून घेतली आणि मग विचारलं, "माझी लेक तीन तासांच्या अंतरावर राहते. एका चार्जमध्ये जाऊन-येऊन होईल?"

त्याने खरं काय ते सांगितलं. "जाणं होईल, काकू. परतीचं नाही जमणार."

"मग काय करायचं?"

"घरच्या प्लगला रात्रभर लावून ठेवायची. हिला फास्ट चार्जिंग नाही." गिऱ्हाईक हातचं गेलं असं धरून त्याने शेजारच्या गाडीकडे बोट केलं. "त्यापेक्षा थोडी भर घाला आणि ही नवी घ्या. चहा पिऊन होईपर्यंत चार्ज होते."

"नको. हीच द्या," काकूंनी पर्समधून चेकबुक काढलं.

त्यालाच राहवेना. "काकू, सूट बघून घेऊ नका. रोज डोक्याला ताप होईल तुमच्या."

"मला कुठे चालवता येते? लेकीला द्यायचीय, माझ्याकडे यायला," सही करता करता काकू म्हणाल्या. "आत्ताच्या गाडीने येते, ती चहा पिऊन होईपर्यंत परत निघते."