बदली विश्वस्त

"साहेब, मला आता ऐकू येत नाही. माझ्या जागी दुसरं कुणी नेमा." मी उठायच्या आत माझे अशील, विश्वस्त त्रिंबकराव, कोर्टात बोलून मोकळे झाले.

एका गायिकेनं आपला तंबोरा ट्रस्टला दिला होता. दरवर्षी तो एका होतकरू गायकाला वापरायला द्यायचा आणि तो गायक त्रिंबकरावांनी निवडायचा. असला मान सुखासुखी कोण सोडतो? हे सोडत होते.

"कुणाला नेमू?" न्यायाधीशांनी कागदावर लिहून दाखवलं.

"मालन जाधवला. गेल्या वर्षी मी हिला डावललं. तरी जिला तंबोरा मिळाला, तिला तो हिनंच जुळवून दिला. असा कान गावात दुसरा नाही."

मालन मागच्या बाकावर होती. यंदा तंबोरा तिलाच मिळणार, असं सगळे म्हणत होते.

"विश्वस्ताला तंबोरा स्वतःकडे घेता येत नाही. कधीच," न्यायाधीशांनी तिला बजावलं. तिच्या जागी मी असतो, तर तिथूनच हात जोडले असते.

ती उभी राहिली. "चालेल, साहेब. पण दरवर्षी कुणाच्याही हाती देण्याआधी तो जुळवणार मीच."