उभ्या गाडीचं इंजिन

"गाडी अंगणात उभी अन् इंजिन चालू. हे कसं काय होते, सांग मले!" शेखरनं मोबाइल देवमनच्या नाकाशी धरला.

देवमननं मोबाइलकडे पाहिलंच नाही. तो आपल्या चपलांकडे पाहत होता. शेखरच्या वडिलांपासून तो या घरच्या गाड्या चालवत आलेला. सकाळी शेखरला टाइल्सच्या दुकानात सोडायचं, गाडी घरी आणून कडुलिंबाखाली लावायची आणि संध्याकाळी पुन्हा दुकानावर न्यायची, एवढं त्याचं काम. मधली दुपार त्याची त्याला मोकळी.

महिन्याभरापूर्वी शेखरनं स्टिअरिंगखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवून घेतलं होतं. तेव्हापासून गाडीची नाडी त्याच्या खिशात आली. इंजिन किती तापलं, बॅटरी कशी आहे, डिझेल कुठं जास्त जळतं, सगळं मोबाइलवरचं ॲप सांगायचं. ॲपच्या सल्ल्यानं त्यानं इंजिनची सेटिंगही बदलून घेतली आणि ॲव्हरेज कसं वाढलं हे दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवू लागला. टाइल्स राहायच्या बाजूला. मेकॅनिक खोटं बोलेल, ड्रायव्हर खोटं बोलेल, ॲप बोलणार नाही, हे त्याचं आवडतं वाक्य. आणि आता त्याच ॲपनं चोर पकडून दिला होता. रोज दुपारी गाडी जागची हलत नव्हती, आणि इंजिन मात्र चालू. एसीही चालू.

"अकोल्याचं ऊन काय तुलेच लागते? माह्या डिझेलवर दुपारची झोप! इंजिनमंधी कार्बन साचते, कळते काय तुले?"

देवमननं एकदा घराच्या दाराकडे पाहिलं.

"तुमी म्हंता तं तसंच समजा, भाऊ."

हातच्या काकणाला आरसा कशाला! शेखरनं चावी मागून घेतली आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. या वयात देवमनला दुसरीकडे कोण ठेवणार, हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. पण खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याची दया कशाला करायची? चावी त्यानं दारामागच्या खिळ्याला अडकवली. बायकोला, शालूला, फोनवर सगळं सांगितलं. ॲपचे पैसे वसूल झाले म्हणून दोघंही हसली.

दुसऱ्या दिवशी तो स्कूटरनंच दुकानात गेला. भर दुपारी मोबाइल किणकिणला. इंजिन चालू. गाडी जागेवर.

शेखरचं टाळकं सरकलं. देवमनजवळ दुसरी चावी असणार! चोर तो चोर, वर शिरजोर. डोक्याला दुपट्टा गुंडाळून तो स्कूटरवर बसला तेव्हा सीटचा चटका थेट हाडापर्यंत गेला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पोलिसांत द्यायचं की आधी दोन कानाखाली वाजवायच्या, एवढंच ठरायचं बाकी होतं.

घरी येऊन तो आधी काठी घ्यायला आत शिरला. पुढच्या खोलीत आईचा पलंग रिकामा होता. कूलर कोरडाच फिरत होता आणि गरम हवा फेकत होता. नळाला चार-चार दिवस पाणी येत नव्हतं, त्यामुळे टाकीतलं पाणी कूलरला घालायचं नाही असा शालूचा दंडक. शालू बँकेत गेलेली. कपाटात दागिने असतात म्हणून जाताना बेडरूमला कुलूप लावायची तिची सवय. पोरांच्या खोलीचं दार आतून बंद होतं. त्या दाराखालून आलेली एसीची गार हवा शेखरच्या पायांना लागली आणि त्याला क्षणभर बरं वाटलं.

मग काठी घेऊन तो अंगणात आला आणि गाडीचं मागचं दार त्यानं हिसडून उघडलं.

मागच्या सीटवर आई झोपली होती. पाय पोटाशी घेतलेले, पदर डोक्यावरून सरकलेला. तिला इतकं गाढ झोपलेलं शेखरनं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. बाहेरची झळ लागली तशी ती धडपडून उठली. पदर सावरत, पुढच्या सीटकडे वाकून तिनं आधी इंजिन बंद केलं.

"रागावू नको बापा. देवमन आज आला नाई, म्हून म्या सोताच चालू केली. चावी कशी फिरवाची ते त्यानंच दाखवलं होतं. तो बाहेर झाडाखाली बसते अन् मी इथं निजते. त्याले काई बोलू नको."

शेखरनं काठी मागे घेतली. "त्याले कामावरून काढलं मी," तो म्हणाला.

"कावून?" आई त्याच्याकडे पाहतच राहिली. "म्याच त्याले आन घातली होती, घरात कोनाले सांगू नको म्हून. गरिबाच्या पोटावर पाय देला ना तू!"

शेखरला लाज वाटली. लाज वाटली म्हणून राग आला, आणि दुसरं कोणी समोर नव्हतं म्हणून तो आईवरच निघाला.

"पन आई, मले सांगाचं तं होतं! उन्हानं जीव घाबरते, असं एका शब्दानं सांगतलं असतं, तं मी तुह्यासाठी एसी लावला नसता काय?"

आई गाडीतून उतरली. उन्हानं तिचे डोळे बारीक झाले. ती काही रागावलेली नव्हती.

"सांगतलं होतं ना बापा. मांगच्या उन्हाळ्यात. तू म्हनला, पाहू."